कापसाचे बोळे

"मनुष्यजातीचा सगळा इतिहास एका वाक्यात सांगायचा, तर एक जण उंचावर उभा राहतो आणि बाकीचे खाली बसून माना डोलावतात!"

हे वाक्य धाकट्या वकिलाने कर्ण्याच्या रिकाम्या खोक्यावर उभं राहून उच्चारलं. 'डोलावतात'वर त्याने जरा जास्तच जोर दिला, त्यामुळे खोक्याची फळी मोडली आणि वकील गुडघ्यापर्यंत इतिहासात रुतला.

खाली बसलेल्या तिघींपैकी कुणीच मान डोलावली नाही. वहिनी टिंक्चर आणायला उठली. ठमी हातातली वायर सोलता सोलता म्हणाली, "काका, ते खोकं चांगलं होतं हो." आत्याने नुसता सुस्कारा टाकला. धाकट्याला तिने लहानपणापासून पडताना पाहिलं होतं. तो पडायचा नेहमी बोलता बोलता, आणि उठायचा तो पुढचं वाक्य घेऊनच.

"मुद्दा असा," पाय बाहेर ओढत वकील म्हणाला, "दादा यायच्या आत आपलं एकमत व्हायला हवं."

घराच्या मागचं हे गोदाम. भिंतीला ओळीने टांगलेले कर्णे, कोपऱ्यात वायरींची वेटोळी, मध्ये उघडा पडलेला ॲम्प्लिफायर, आणि या सगळ्याला जुन्या रबराचा वास. दादा, आत्या आणि वकील या भावंडांचे वडील तात्या यांनी एका कर्ण्यावर हा धंदा उभा केला होता. सभा कुणाचीही असो, आवाज यांचा. पुढाऱ्यांना यांनी आवाज दिला, साधूंना दिला, आणि साबण विकणाऱ्यांनाही दिला. तात्या म्हणायचे, त्यांतल्या त्यात साबणवाले खरं बोलतात, साबणाला निदान फेस तरी येतो.

तात्यांचा नियम एकच होता. सेटवर, म्हणजे ॲम्प्लिफायरपाशी, बसायचं ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. "आवाज बघायचा, ऐकायचा नाही," असं म्हणत ते ॲम्प्लिफायरवरच्या काट्यावर बोट ठेवत. काटा लाल रेघेच्या अलीकडे राहिला की झालं. काय बोलतात ते ऐकणं हे गिऱ्हाइकाचं काम.

हा नियम घरात आजवर दोघांनी मोडला. एक आत्या, ऐन विशीत. दुसरा दादा, साठी उलटल्यावर. त्यातल्या दुसऱ्यासाठी ही बैठक होती, कारण उद्या संध्याकाळी दादा मैदानावरच्या मंचावर चढून, आपल्याच घरच्या माईकवरून, ठमी आपली मुलगी नाही असं जाहीर करणार होता.

घडलं होतं ते इतकंच. गेल्या आठवड्यात प्रमुखांची सभा झाली. प्रमुख म्हणजे ज्यांचा फोटो हल्ली न्हाव्याच्या आरशावरही असतो ते. ते बोलले, हात उंचावले, मागे वळले. अशा वेळी माईक बंद करणं हे सेटवाल्याचं काम, आणि सेटवर होती ठमी. तिला नेमकी तेव्हाच शिंक आली. शिंक येऊन जाईपर्यंत माईक उघडा राहिला, आणि तेवढ्यात प्रमुख शेजारच्याला म्हणाले, "चला, हाकला आता ही मेंढरं. वास मारतोय."

कर्ण्यांनी इमानेइतबारे हे मैदानाच्या टोकापर्यंत पोचवलं.

मैदानातल्या माणसांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग पुढून कुणीतरी ओरडलं, "आपल्या घामाचा वासही प्रमुखांना कळतो!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तसा भाषणालाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी काही उत्साही मंडळी गळ्यात घंटा बांधून हिंडताना दिसली.

लोकांनी इतक्या मोठ्या मनाने मिटवल्यावर प्रकरण संपायला हवं होतं. पण प्रमुखांच्या भोवती एक समिती होती, आणि मिटलेलं उघडल्याशिवाय समितीला झोप येत नाही. समितीने पत्रक काढलं. प्रमुख असं बोललेच नाहीत, बोलले ते प्रेमाने बोलले, आणि ते लोकांना ऐकवणारा गद्दार आहे, हे तिन्ही त्या एकाच पत्रकात होतं. मग दादा आपणहून समितीकडे गेला आणि सेटवर आपली मुलगी होती असं सांगून आला. दादा पहिल्यापासूनच सरळ. समितीला त्याच्या सरळपणाचं इतकं कौतुक वाटलं की तिने त्याला मंचावर बोलायची संधी दिली.

"आणि सेटवर उद्या कोण?" वकिलाने विचारलं.

"मीच," ठमी म्हणाली.

"तू? तुला गद्दार म्हणतात ना ते?"

"समितीतल्या कुणी मला पाहिलेलंच नाही, काका. सेटच्या मागे कोण बसतं हे कोण बघतं? गद्दार वेगळी आणि ऑपरेटर वेगळी, असं चाललंय त्यांचं."

वहिनीने टिंक्चरचा बोळा वकिलाच्या नडगीवर जरा जोरातच दाबला. "भावजी, वाक्यं पुरे झाली. ह्यांना थांबवायचं कसं ते सांगा."

"त्यासाठीच तर ताईला बोलावलंय." वकील आत्याकडे वळला. "ताई, तू त्यातली आहेस. म्हणजे होतीस. तुझे ते शांतिदूत बुवा आणि प्रमुख यांत काय सारखं आहे ते तू दादाला एकदा नीट समजावून सांग. अनुभवी साक्षीदार म्हणून."

आत्या हसली. अनुभवी म्हणजे काय, दहा वर्षं. शांतिदूतांचं प्रवचन होतं, सेटवर दादाशेजारी ती बसली होती, आणि कान खाजला म्हणून तिने बोळा काढला. तेवढ्यात शांतिदूत म्हणाले, "इथे एक मुलगी बसली आहे, तिचं आजवर कुणी ऐकलं नाही." हजारोंच्या गर्दीत अशी मुलगी असणारच, हा हिशेब तिला पुढे कितीतरी वर्षांनी सुचला. त्या क्षणी ती उठली, आणि गेली ती त्यांच्या वस्तीवर राहायलाच गेली.

"सारखं काय ते सांगू?" आत्या म्हणाली. "शांतिदूतांनी एकदा सांगितलं, उद्या पाऊस पडेल. नाही पडला. आम्ही म्हटलं, पडला हो, आपल्यालाच भिजता आलं नाही. मौनाच्या दिवशी ते ड्रायव्हरला शिव्या घालायचे. आम्ही म्हणायचो, ते शब्द नव्हेत, नाद आहे. परवाच्या त्या टाळ्या घरात ऐकल्या ना, तेव्हा मला वाटलं, मी अजून तिथेच बसले आहे."

"पण वन्सं," वहिनी म्हणाली, "प्रमुखांना लोकांनी निवडून दिलंय. हे तुमच्या त्या बुवासारखं नाही."

"त्यांनाही आम्हीच निवडलं होतं, वहिनी. आमचं मतदान तर रोज असायचं. फरक असलाच तर एवढाच, की शांतिदूतांच्या वस्तीला कुंपण होतं. कुंपणाच्या बाहेर तुम्ही सगळे होता. दादा महिन्याच्या महिन्याला फाटकाशी येऊन बसायचा. आता कुंपणच नाही. दादाला आणायला कुठल्या फाटकाशी जाऊन बसू?"

वकिलाने घसा साफ केला. "म्हणजे तुझा बाहेर पडण्याचा मार्ग कोणता होता, तो आपण दादाला दाखवू."

"मी बाहेर पडलेच नाही रे. शांतिदूत गेले, चेले भांडले, कुणी भांडी नेली, कुणी पत्रे नेले. एक दिवस बघते तर वस्तीच माझ्या भोवतालून उठून गेलेली. मी आपली सतरंजीवर बसलेली, एकटी."

ही साक्ष कोर्टात चालण्यासारखी नव्हती. वकिलाने तिची नोंद न घेता पुढचा विषय काढला. तालीम करायची. दादा काय बोलेल याचा अंदाज घ्यायचा, प्रत्येकाने उत्तर तयार ठेवायचं. "दादाचं काम मी करतो. तुम्ही मला पटवा."

"तुम्ही? तुम्हीच तर विरोधात आहात," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी वकील आहे."

तो मोडक्या खोक्याच्या शाबूत कडेवर बसला, खांदे पाडले, दादासारखा गुडघ्यावर हात चोळायला लागला. "बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

"अहो, पोटची पोर आहे," वहिनीने सुरुवात केली.

"पोटची आहे म्हणूनच," वकील शांतपणे म्हणाला. "परक्याची असती तर सोडून दिलं असतं. आपलं माणूस चुकलं तरी झाकायचं, हेच आजवर सगळ्यांनी केलं. म्हणून तर देशाची ही गत. सुरुवात कुठून तरी, कुणाच्या तरी घरातून व्हायला नको?"

ठमीने वायर खाली ठेवली. "बाबा, बोलले ते प्रमुख. मी फक्त ऐकू दिलं."

"ठमे, थकल्यावर माणूस घरात काय काय बोलतो. तू त्यांच्या घराची भिंत पाडलीस. आणि खरं सांग, तुम्हा शिकलेल्यांना राग कशाचा येतो? त्यांच्या बोलण्याचा, की आमच्यासारख्यांच्या टाळ्यांचा?" वकिलाचा आवाज चढला. डोळ्यांत पाणी आलं. "आम्हाला आजवर कोण मोजत होतं? आज कुणीतरी आम्हाला आपलं म्हणतंय, तर ते तुम्हाला बघवत नाही!"

वहिनीची मान हळूच हलली. खाली, वर, पुन्हा खाली.

"वहिनी!" आत्या म्हणाली.

"नाही, म्हणजे... बोलले बरोबर ना हे?"

वकील उठून उभा राहिला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने रुमाल काढला, पुसला, खिशात ठेवला आणि ओशाळून म्हणाला, "मध्येच माझं मलाच पटायला लागलं."

"काका, तुम्ही उद्या मैदानात येऊ नका," ठमी म्हणाली.

दादा आला तो दोन्ही हातांत बिस्किटांचे पुडे घेऊन. बुटका, हसरा, शर्टाचं वरचं बटण लावलेला. दारातच थबकला, सगळ्यांचे चेहरे पाहिले, मोडकं खोकं पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. बस, दादा," आत्या म्हणाली.

"मग हे असे का बसलात? अच्छा." तो वायरींच्या वेटोळ्यावर बसला. "माझ्यासाठी बैठक का? घ्या, बिस्किटं घ्या. ठमे, तुझ्या आवडीची आहेत, मिठाची."

ठमीने पुडा घेतला. फोडला नाही, मांडीवर ठेवला.

वकिलाने तयारी केलेली पहिली तीन वाक्यं म्हटली. दादाने ती मान तिरकी करून ऐकली आणि शेवटी म्हणाला, "बोलतोस छान. उभं राहून बोललास तर आणखी पोचेल." वकील बसला. त्याची सगळी उत्तरं दादाच्या बाजूने तयार होती, त्यामुळे त्याला स्वतःच्या बाजूने काही सुचेना.

"दादा," आत्या म्हणाली, "बोळे का काढलेस रे?"

"काढले नाहीत. पडला एक. वय झालं, कानही सैल झाले असतील." तो हसला, मग हसू हळूहळू विरलं. "वाकून शोधत होतो. तेवढ्यात प्रमुख म्हणाले, 'आणि सगळ्यात मागे बसलेल्या माझ्या भावांनो.' अगं, मी जन्मभर मागे बसलोय. सगळ्यांच्या मागे. किती जणांना आवाज दिला या हातांनी, एकाने तरी वळून पाहिलं? काटा बघ, लाल रेघ बघ, घरी ये. ते म्हणाले आणि मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडेच पाहिलं."

"त्यांना दिव्यांच्या झोतात पुढची रांगसुद्धा दिसत नाही, बाबा," ठमी म्हणाली. "तुम्हीच मला सांगितलं होतं. मंचावरून फक्त अंधार दिसतो म्हणून."

"असेल. पण अंधाराला तरी कुणी भाऊ म्हणतं का?"

आत्याला तिची सतरंजी आठवली, आणि ती कुणी न ऐकलेली मुलगी. शांतिदूतांना ती मुलगी कोण, हे कधीच ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून तर त्यांना तसं म्हणता आलं. ओळखीचं माणूस इतकं गोड बोलू शकत नाही. ओळखीचं माणूस मिठाची बिस्किटं आणतं.

तिच्यापाशी आता एकच गोष्ट उरली होती. ती घरात सगळ्यांना ठाऊक होती, आणि म्हणूनच कुणी काढत नसे.

"दादा, वस्तीवर मला उभं करून माईक दिला होता. आठवतं? मी म्हटलं होतं, मला भाऊ नाही."

"आठवतं की. मीच होतो सेटवर. त्यांच्याकडची सगळी कामं तेव्हा आपल्याकडेच होती."

"तू तेव्हा काय केलंस?"

"काय करणार? तुझा आवाज बसला होता, घाबरली होतीस. काटा जागचा हलेना. मग मी जरा वाढवून दिला."

वकील बसल्या जागेवरून उठला.

"मी म्हणत होते, तू माझा कुणी नाहीस. आणि तू आवाज वाढवलास?"

"अगं, बोलायला उठली होतीस ना? मग मागच्यांना ऐकू जायला नको?" दादाने गुडघे चोळले. "बोळे होते माझ्या कानात. काट्यावरून कळलं, वाढवायला हवं. काय म्हणालीस ते नंतर कुणीतरी सांगितलं. मग वाटलं वाईट, नाही कशाला म्हणू. पण पुढच्या महिन्यात आलो की नाही फाटकाशी?"

"आलास."

"मग तेच सांगतोय मी तुम्हाला." त्याचा चेहरा उजळला. हे त्याला आत्ताच सुचत होतं. "तू म्हणालीस मला भाऊ नाही, म्हणून मी तुझा भाऊ राहिलो नाही का? बोलण्याने नातं तुटतं थोडंच! उद्या मी म्हणेन, प्रमुखांचं समाधान होईल, आणि परवा ठमी इथेच वायर सोलत बसलेली असेल. मी येतोच आहे बिस्किटं घेऊन. काय बिघडलं?"

आत्याला वाटलं, खोक्याची फळी आता आपल्या पायाखालची मोडली. आयुष्यात एका माणसाने तिला काही न विचारता क्षमा केली होती, आणि तीच क्षमा तो आता परवान्यासारखी हातात धरून उभा होता.

"तुटतं, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज त्या दिवसासारखाच बसला, आणि वाढवून द्यायला इथे काही नव्हतं. "तू बोळे घातले होतेस म्हणून तुझ्याकडून तुटलं नाही. माझ्याकडून तुटलं. मी ते हजार माणसांपुढे म्हटलं होतं, मग मला ते खरं करावं लागलं. तू फाटकाशी यायचास, मी खिडकीतून बघायचे आणि आत जायचे. आई आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, कुठली आई? मला शांतिदूतांनी नाही अडवलं रे. त्यांना तर पत्ताही नव्हता. मला माझ्याच वाक्याने अडवलं. एकदा कर्ण्यातून गेलं की ते आपलं राहत नाही, दादा. मग आपणच त्याच्या मागे फरपटत जातो."

दादा ठमीकडे बघत होता. ठमीही त्याच्याकडे बघत होती. मांडीवरचा पुडा तिने घट्ट धरला होता, आतली बिस्किटं मोडल्याचा बारीक आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली, "मी काही बोळे घालणार नाही उद्या. तेवढं सांगून ठेवते."

"का गं? नियम आहे."

"मला ऐकायचंय."

दादाने मान खाली घातली. त्याचा हात गुडघ्यावर फिरायचा थांबला. वहिनीने पदर तोंडाशी नेला. वकिलाने आत्याच्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, "ताई, हलला. हलला तो." आत्याने त्याला हाताने गप्प केलं. पण तिच्याही मनात कुठेतरी, इतक्या वर्षांनी, एक काटा अडखळत वर चढायला लागला होता.

दादा उठला. भिंतीशी गेला, एका कर्ण्यावरची धूळ तळव्याने पुसली, तळवा पँटला पुसला. मग वळला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ठमे."

"काय, बाबा?"

"उद्या माईकचा स्टँड जरा खाली ठेवशील? प्रमुखांच्या उंचीला लावलेला असतो. मला टाचा वर करून बोलावं लागेल."